दोन इंच कमी

ती बाई माफी मागत आली, तिथेच माझं बिनसलं. सोमवारची दुपार, जेवणाची सुट्टी संपत आलेली, शिलाईच्या मशिनी एकेक करून परत चालू होत होत्या आणि मी कापायच्या टेबलाशी उभी राहून खडूला धार काढत होते. दारात एक उंच, रुंद हाडाची, तिशी ओलांडलेली बाई, हातात घडी घातलेला जाड कोट. अग्निशमन दलातली आहे म्हणाली, शिडीवर असते. दलाचे कोट आमच्याच कारखान्यात होतात. मला वाटलं चेन तुटली असेल किंवा शिवण उसवली असेल. तर म्हणते कशी, "सॉरी हं ताई, कोट चांगलाच आहे तुमचा. माझीच ठेवण वाईट आहे. खाली थोडं कापड जोडून मिळेल का?" मी म्हटलं, घाला बघू. तिनं घातला, चेन लावली. नुसती उभी होती तोवर ठीक होतं. मग शिडी धरल्यासारखे तिनं दोन्ही हात वर नेले, तसा कोटही वर गेला, कमरेवर चढला आणि तिथेच अडकून बसला. हात खाली आले तरी तो काही खाली येईना. मधल्या चार बोटांच्या पट्ट्यात शर्ट सरकला होता आणि उजव्या कुशीपासून पाठीकडे गेलेला गुळगुळीत, गुलाबीसर चट्टा दिसत होता. भाजल्याचा. मी विचारलं नाही, तीच म्हणाली, गेल्या वर्षीचा आहे, गोदामाची आग होती. त्यांचे साहेब म्हणतात की शिडीच्या कामाला बाईची ठेवणच बरोबर नसते, आणि हल्ली तिलाही तसंच वाटायला लागलंय. हे सगळं ती हसून सांगत होती, कोट खाली ओढत. मी कॉलर उलटी करून आतली चिठ्ठी पाहिली. कापणाऱ्याचा क्रमांक तीन. आमच्याकडे तीन म्हणजे मी. कोट ठेवून जा, बघते काय करता येतं, असं काहीतरी मी पुटपुटले आणि ती पुन्हा एकदा सॉरी म्हणून गेली.

ती गेल्यावर मी मागच्या भिंतीशी गेले. तिथे खिळ्यांना फर्मे टांगलेले असतात, पुठ्ठ्याचे. पाठ, पुढा, बाही, कॉलर. फर्मा कापडावर ठेवायचा, कडेनं खडू फिरवायचा आणि कापायचं, माकडालाही शिकवता येईल, असं आमचा दादा नव्या माणसाला सांगतो. दादा म्हणजे माझा भाऊ, कारखान्याचा मालक. पुरुषांच्या कोटाच्या फर्म्यांचा एक जाड गठ्ठा आणि त्याच्या शेजारी एक पातळ, त्यावर माझ्या अक्षरात लिहिलेलं, 'बायका'. हा दुसरा गठ्ठा कसा झाला ते मला पक्कं आठवतं, कारण तो मीच केला. एकोणीस वर्षांपूर्वी दलात पहिल्यांदा सहा बायका भरती झाल्या तेव्हा दादा म्हणाला, बायकांचं माप काढ. मी विचारलं, कसं? म्हणाला, नेहमीसारखं, दोन इंच कमी. आमच्या धंद्यातला हा जुना रिवाज. पुरुषाचा फर्मा घ्यायचा, सगळीकडून दोन इंच छाटायचा, झाली बाई. खांद्यात, छातीत, सीटला म्हणजे बुडाच्या घेराला, बाहीत, सरसकट. म्हणजे बाई हा धुण्यात आटलेला पुरुष. आणि मला, जिला स्वतःला छाती आहे, दोन बाळंतपणांनी रुंदावलेलं बूड आहे, त्या मला एकदाही वाटलं नाही की बाईच्या सीटला दोन इंच कमी करून चालेल कसं. मधल्या काळात चारपाच जणींनी कळवलं होतं की कोट घट्ट होतो. मी एक नंबर मोठा पाठवून मोकळी झाले. मग त्यात खांदे कोपराकडे लोंबले असतील, बाह्या बोटांवर आल्या असतील. त्यांनी पुन्हा काही कळवलं नाही. पदरी पडलं आणि पवित्र झालं, असंच त्यांनीही म्हटलं असणार.

दादा माझा दादा फक्त बारा मिनिटांनी. आम्ही जुळे. आत्या तर शेवटपर्यंत म्हणायची की आधी मुलगी आली होती, पण नर्सनं बाहेर येऊन मुलगा झाल्याचं पहिल्यांदा सांगितलं आणि तेच कायम झालं. एका पोटात नऊ महिने एकमेकांना लाथा मारल्या, एका ताटात जेवलो, गोवर एकाच आठवड्यात काढला. दहाव्या वर्षी मी त्याच्यापेक्षा चार बोटं उंच होते आणि जिन्यावरून धावत वर जायच्या शर्यतीत तो एकदाही जिंकला नव्हता. रडायचा. मग बाराव्या वर्षी एका सकाळी माझ्या कपड्यांना डाग पडला, आईनं मला न्हाणीघरात नेऊन कुजबुजत चार गोष्टी सांगितल्या, आणि बाहेर आले तर जिना बंद. धावायचं नाही, पाय पोटाशी घेऊन बसायचं नाही, मोठ्यानं हसायचं नाही. पुढच्या दोन वर्षांत दादा वाढला, आवाज फाटला, इस्त्रीचं लोखंडी धूड एका हातानं उचलायला लागला. मला दोन्ही हात लागायचे. हे खरं होतं, ते मी नाकारत नाही. शरीर शरीराचं काम करत होतं, त्याच्यात एक, माझ्यात दुसरं. पण अण्णांनी, आमच्या वडिलांनी, त्याला कापायच्या टेबलाशी उभं केलं आणि मला काज-बटणाला बसवलं ते काही इस्त्रीमुळे नव्हे. म्हणाले, मुलीचा हात हलका असतो. घरातल्या निम्म्या कपबशा माझ्या हातून फुटलेल्या होत्या, आई मला धसमुसळी म्हणायची, आणि दादाचा हात इतका हलका की तो झोपलेल्या मांजराची मिशी ओढू शकायचा. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. शरीरात फरक होता तिथे आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून दोन इंच छाटले, आणि जिथे तसूभर फरक नव्हता तिथे नियम करून ठेवले. हे मला बावन्नाव्या वर्षी कळतंय, तेही परक्या बाईचा चट्टा बघून. घ्या.

कापायला मला दादानंच शिकवलं. अण्णा दुपारी झोपले की तो मला टेबलापाशी न्यायचा, वर्तमानपत्रं पसरायचा आणि त्याला जे आदल्या दिवशी शिकवलेलं असे ते मला शिकवायचा. मुंढा, म्हणजे बाही जिथे बसते तो गोल, तो मला त्याच्याआधी जमला. तेव्हा पंधरा वर्षांचा मुलगा आपल्या बहिणीचा मुंढा बघून हेवा न करता शिट्टी वाजवतो, हे काही थोडं नव्हतं. अण्णांची मोठी कात्री मात्र माझ्या हातात फिरायची. तिच्या कड्या पुरुषाच्या पंजाच्या, माझा अंगठा त्यात पोहायचा. मी चिंधी गुंडाळून अंगठा जाड करायचे आणि कापायचे. अजूनही तेच करते, हाडाशी सुपारीएवढी गाठ आली आहे. सोमवारी संध्याकाळी घरी जाताना, सिग्नलला उभी असताना, मी तो अंगठा चोळत होते आणि एकदम लक्षात आलं की सदतीस वर्षं मी मनात म्हणत आले आहे, माझाच अंगठा बारीक. कात्री मोठी आहे असं एकदाही म्हटलेलं नाही. सिग्नल हिरवा होऊन परत लाल झाला, मी तिथेच उभी. मागून एकजण म्हणाला, काकू, जायचंय की नाही? मी म्हटलं, जायचंय, जायचंय.

मंगळवारी सकाळी न्हाणीघरात मी स्वतःला मोजलं. हल्ली माझ्या अंगात केव्हाही भट्टी पेटते; मान, छाती, कान लाल होतात, घामाच्या धारा लागतात, आणि पाच मिनिटांनी हुडहुडी. डॉक्टर म्हणाले वयाचं आहे, जसं काही वय हा शेजारी आहे आणि त्याचं सामान माझ्याकडे ठेवलंय. तशीच घामेजलेली मी आरशासमोर उभी राहिले, टेप घेतला. हात खाली ठेवून काखेपासून कमरेपर्यंत मोजलं, मग हात वर करून तेच मोजलं. वाकून पाठ मोजली, एक पाय टबाच्या काठावर ठेवून सीट मोजली. बाहेरून ह्यांनी विचारलं, बरं आहे ना, इतका वेळ काय चाललंय? मी म्हटलं, मोजतेय. काय? स्वतःला. पलीकडून चहा ओतल्याचा आवाज आला. भला माणूस आहे, जास्त विचारत नाही. आकडे मी आरशावरच्या वाफेत बोटानं लिहीत होते. पन्नाशी उलटलेलं शरीर, कुठे सुटलेलं, कुठे ओघळलेलं, पण त्याचं एक गणित होतं. खांदा इथे संपतो, कंबर इथे सुरू होते, हात वर गेला की हे इतकं वर येतं. कुठेच पुरुषाचं उणे दोन नव्हतं. मला लाज वाटली ती शरीराची नव्हे, फर्म्याची. आणि लाजेपाठोपाठ असा संताप आला की भट्टी विझल्यावरही मी गरमच होते.

कारखान्यात पोचले तर नवं कापड आलेलं. दलाचे नवे कोट, त्यात बायकांचे चाळीस, बुधवारी कापायचे. एकदा कापले की पुढची सात वर्षं त्या चाळीस जणी तेच घालून आगीत शिरणार, कारण सात वर्षांच्या आत दल नवे देत नाही. जाड, पिवळसर, विस्तवाला दाद न देणारं कापड टेबलावर थर लावून पसरायचं काम चालू होतं. मी दादाला गाठलं आणि सगळं सांगितलं, चट्टा, कोट, फर्मा. तो ऐकतो चांगलं, मान हलवत ऐकतो, आणि ऐकून झाल्यावर त्याला जे करायचं असतं तेच करतो. म्हणाला, नमुना मंजूर होऊन आलाय, मापांचा तक्ता दलाचाच आहे, पुरुषांचे कोट एवढे आणि त्यात या चाळीस बाया, त्यांच्यासाठी नव्यानं फर्मे काढत बसलो तर उशीर होईल, आणि उशीर झाला की पुढच्या वेळी काम दुसऱ्याकडे जाईल. तिला कापड जोडून दे खाली, तीही खूश. मी म्हटलं, जोडलेलं कापडही वरच चढेल, सीटला अडकतंय ते. तो म्हणाला, अगं, एकोणीस वर्षं कुणी मेलं का? हे बोलल्यावर त्यालाच कसंतरी झालं आणि त्यानं खिडकीकडे तोंड केलं. मी म्हटलं, मी कापणार नाही. तो म्हणाला, नकोस कापू, मी कापीन, अजून हात विसरलेला नाही. आणि विसरलेला नाहीच, ते मला माहीत होतं. दगडाखाली हात माझ्या एकटीचा नव्हता, पण तो दगड उचलायचा असेल तर मलाच उचलावा लागणार होता.

दुपारभर मी कोपऱ्यातल्या लहान टेबलावर काम केलं. सकाळचे माझे आकडे कागदावर उतरवले, त्यावरून बाईचा नीट फर्मा काढला, आयुष्यातला पहिला. अरुंद खांदा, वर घेतलेला मुंढा, छातीला जागा, सीटला घेर. मग त्या फर्म्यावरून एक पुरुषाचा कोट कापला. कसा? रिवाजानं. सगळीकडून दोन इंच जास्त. उरल्यासुरल्या कापडातून, पण कॉलर, चेन, चिठ्ठी सगळं रीतसर. शिलाईवाल्या मुलीनं विचारलं, ताई, हा कुणाचा? मी म्हटलं, मालकांचा.

बुधवारी सकाळी दादा बाह्या दुमडून टेबलाशी आला. कापडाचे थर तयार, वर 'बायका' लिहिलेला जुना फर्मा ठेवलेला. मी कोट पुढे केला आणि म्हटलं, आधी हा घाल. चेष्टा करतेय समजून त्यानं घातला. खांद्यांवर तो इतका आवळला की चेन लावताना त्याला श्वास धरावा लागला, छातीवर दोन रिकामे फुगे आले आणि खाली बुडाभोवती घेर झुलायला लागला. मशिनी थांबल्या. कुणीतरी फुसकन हसलं, मग सगळेच, आणि दादाही हसला, गोल फिरून दाखवलं त्यानं. मी म्हटलं, आता स्टुलावर चढ आणि वरच्या फळीवरची दोऱ्यांची पेटी काढ. तो चढला. हात कानापर्यंत गेले आणि अडले. त्यानं जोर लावला, काखेत शिवण करकरली, पेटी वीतभर लांब राहिली. टाचा उचलल्या, तोल गेला, भिंत धरली. हसणं हळूहळू थांबलं. त्यानं पुन्हा एकदा प्रयत्न केला, यावेळी खरोखरचा, ओठ दाबून, आणि त्याच्या कपाळावर घाम आलेला मला खालून दिसला. लहानपणी जिन्यावर हरायचा तेव्हाचा चेहरा. मला वाईट वाटलं, पण मी खाली उतर म्हटलं नाही. तो आपणहून उतरला.

"काय आहे हा?"

"पुरुषांचा कोट. बाईच्या मापावरून काढलाय. दोन इंच जास्त."

तो बराच वेळ चेनशी झटत राहिला. मग माझ्याकडे न बघता, हळू आवाजात, इतरांना ऐकू जाऊ नये असा म्हणाला, "तुला कात्री कुणी दिली, विसरलीस?" हे कधीतरी येणार हे मला माहीत होतं. त्यानं ते आजवर कधीच बोलून दाखवलं नव्हतं, आणि त्याच्या जागी मी असते तर दरवर्षी दाखवलं असतं. अण्णा गेल्यावर कारखाना त्याच्या नावावर झाला तेव्हा कुणी मला विचारलं नाही, मीही विचारलं नाही, आणि त्याचं एक कारण शिकवणीच्या त्या दुपारी होत्या. माझं मन भरून आलं आणि त्याच वेळी मी हटणार नव्हते, दोन्ही एकदम.

"तू दिलीस," मी म्हटलं. "पण फर्मा तुझाच होता, दादा. मला दुसरा माहीतच नव्हता."

"मला तरी कुठे होता?" तो म्हणाला.

मग पसरलेल्या कापडाकडे बघत त्यानं विचारलं, मंजुरीचं काय? मी म्हटलं, दलाच्या कचेरीत मी जाते, चाळीस जणींची मापं मी घेते, उशीर झाला तर माझ्या नावावर. तो म्हणाला, अर्जावर क्रमांक तीन चालत नाही, नाव लिहावं लागतं, काही चुकलं तर तुलाच बोलावतील. मी म्हटलं, लिहीन. आणि नाही म्हणाले तर? तर त्यांच्या साहेबांना हा कोट घालायला लावीन. त्याला हसू आलं, ते त्यानं गिळलं. जुना फर्मा थरांवरून उचलून त्यानं माझ्या हातात दिला, खिळ्याला लावला नाही. पुरुषांचे आधी कापायला घेतो, म्हणाला, तुला शनिवारपर्यंत वेळ आहे. त्यापुढे मी थांबणार नाही, हेही बोलून दाखवलं. मालकच तो शेवटी.

शुक्रवारी सकाळी मी दलाच्या इमारतीत गेले. साहेबांनी माझा अर्ज दोनदा वाचला, म्हणाले, तक्ता असताना मापं कशाला, बायकांचे आकार काय रोज बदलतात का? मी म्हटलं, रोज नाही, पण बारा वर्षांची असताना बदलतात, बाळंतपणात बदलतात आणि आता माझ्या वयात बदलतायत, तुमचा तक्ता एकदाही बदललेला नाही. ते गोरेमोरे झाले. एक तास घ्या, म्हणाले, बहुधा मी समोरून जावं म्हणूनच. लोखंडी कपाटांची एक लांब खोली, ओल्या रबराचा आणि धुराचा वास, आणि भिंतीला टेकून उभ्या बायका. शिडीवाली सगळ्यांत पुढे. मी टेप गळ्यातून काढला आणि तिच्याजवळ गेले, तर तिनं पोट आत ओढलं, खांदे पाडले, श्वास धरला. जळत्या गोदामात शिरणारी बाई टेप बघून आक्रसली. पुरुषांचं मला माहीत आहे, ते टेप बघितला की छाती फुगवतात आणि वर सांगतात, थोडं सैलच ठेवा. मी मागच्या रांगेकडे पाहिलं, सगळ्याच तशा उभ्या, पोटं आत, नजर खाली. मीही आयुष्यभर कुठल्याही टेपसमोर अशीच उभी राहिले आहे.

"पोट सोडा," मी म्हटलं. "लग्नाचा ड्रेस नाही शिवायचा. पूर्ण श्वास घ्या आणि तसाच धरा. आता हात वर. अजून वर, शिडी धरा."

तिला पहिल्यांदा जमेना. सवयच नाही, म्हणाली. मी थांबले. मग तिनं नाकानं श्वास घेतला, मोठा, बरगड्या उघडेपर्यंत, आणि टेप माझ्या बोटांतून सरकत सरकत गेला. मी आकडा मोठ्यानं वाचला. रांगेत कुणीतरी 'अगं बाई' म्हणालं, ती लाल झाली, पण तिनं श्वास सोडला नाही. पाठ, मुंढा, सीट, एकेक करत मी सगळं लिहून घेतलं. मग दुसरी, तिसरी. कुणाचा एक खांदा वर, एक बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच परत कामावर आलेली, छाती भरलेली, एक तर इतकी बारीक की आमच्या जुन्या कोटात ती सुतळीनं कंबर बांधायची. तास कधीच उलटून गेला होता. साहेब एकदा दारापर्यंत आले, मी त्यांना बाहेरच थांबायला सांगितलं, आणि ते थांबले. शेवटी कपाटाशी एकच उरली, केस पांढरे झालेली, त्या पहिल्या सहा जणींपैकी. ती पुढे येईना. तिनं हातानंच नको म्हटलं. माझं राहू द्या, सहाच महिने राहिलेत निवृत्तीला, नवा कोट वाया जाईल, मी चालवून घेईन, इतकी वर्षं चालवलंच की. बाकीच्या तिच्याकडे बघायला लागल्या. तिला पहिला कोट मीच कापून दिला होता. मी टेप पुसला, नवं पान उघडलं.

"सहा महिने आग काय सुट्टीवर जाणार आहे?"

ती हसली नाही. अंगातलं जाकीट काढून तिनं कपाटावर ठेवली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली, आणि मी सांगायच्या आधीच हात वर केले.